सत्तर स्किल्स साचली, पण वेळेला नेमकं एकही हाताशी नाही

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधली सहा जणांची टीम छावणी मंडीतल्या धान्य व्यापाऱ्यांसाठी आणि सराफ्यातल्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. कोडिंगला क्लॉड कोड हा ॲन्थ्रॉपिक कंपनीचा एआय असिस्टंट वापरतात. काही महिन्यांत सत्तरेक स्किल्स, म्हणजे असिस्टंटसाठी लिहून ठेवलेल्या कामाच्या सूचना, साचली आहेत, पण असिस्टंट कधी भलतंच स्किल उचलतो आणि बहुतेक वेळा काहीच उचलत नाही. प्रत्येक प्रॉम्प्टच्या (असिस्टंटला लिहिलेल्या सूचनेच्या) आधी योग्य स्किल आपोआप पुढे ठेवणारं साधन बांधावं का, आणि बांधलं तर ते कुठे फसतं?

बांधा. दोनेकशे ओळींचं काम आहे. पण आधी सत्तरची तीस करा आणि उरलेल्यांची वर्णनं नव्याने लिहा. हे न करता साधन बसवलं तर चुकीचं स्किल आता आपोआप आणि जास्त वेगाने येईल, एवढाच फरक पडेल.

सध्या काय घडतं ते पाहू. स्किल म्हणजे एक फोल्डर. त्यात स्किल डॉट एमडी ही फाइल, आणि हवं तर स्क्रिप्ट्स व संदर्भाचे कागद. ॲन्थ्रॉपिकने ही पद्धत ऑक्टोबर २०२५मध्ये आणली आणि डिसेंबरमध्ये खुलं मानक म्हणून प्रसिद्ध केली. सेशन सुरू होताना मॉडेलसमोर प्रत्येक स्किलचं फक्त नाव आणि वर्णन जातं. ढोबळ हिशेबाने एका स्किलचे शंभर टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) धरले तर सत्तरांचे सात हजार होतात. आतला मजकूर मॉडेलला गरज वाटली तरच उघडला जातो, आणि त्यात उल्लेख केलेल्या फाइली त्याच्याही पुढच्या पायरीवर. म्हणजे निवड सर्वस्वी वर्णनावर होते. वर्णनांना मिळणारी जागाही मोजकी असते. यादी लांबली की काही वर्णनं छाटली जातात, आणि मग कितीही चांगलं लिहिलेलं वर्णन मॉडेलपर्यंत पूर्ण पोचतच नाही. देवनागरीत लिहिलेलं वर्णन त्याच अर्थाच्या इंग्रजी वर्णनापेक्षा जास्त टोकन खातं, हेही हिशेबात धरा.

सत्तरची तीस करताना तीन चाळण्या लावा. जे प्रत्येक कामात लागतंच, उदाहरणार्थ पैशांची रक्कम पैशात पूर्णांक म्हणून साठवायची, ते क्लॉड डॉट एमडीमध्ये टाका, ही फाइल प्रत्येक सेशनला वाचली जाते. जे यंत्राने तपासता येतं त्याची टेस्ट लिहा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघच चालते, आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. यासाठी मॉडेलला विनवण्या करण्यापेक्षा एक टेस्ट बरी. तिसरी चाळणी जुळ्यांची. ‘जीएसटी बिल’, ‘इनव्हॉइस’ आणि ‘पावती छपाई’ अशी तीन स्किल्स तीन जणांनी लिहिलेली असतात आणि आतला मजकूर निम्मा सारखाच असतो. ती एक करा.

चाळून उरतात ती खरी स्किल्स, जिथे निर्णय घ्यावा लागतो. इंदूरहून देवासला माल गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, धुळ्याला गेला तर आयजीएसटी, इथपर्यंत सोपं आहे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहिले, मध्य प्रदेशचे २३ की महाराष्ट्राचे २७, की झालं. पण बिल एकाच्या नावाने आणि माल त्याच्या सांगण्यावरून तिसऱ्याच्या गोदामात, असं झालं की पुरवठ्याचं ठिकाण ज्याने माल पाठवायला सांगितला त्याच्या व्यवसायाच्या जागेवरून ठरतं, ट्रक कुठे रिकामा झाला त्यावरून नाही. मॉडेल इथे हमखास ट्रकच्या मागे जातं. अशा जागेसाठी स्किल हवं.

वर्णनाकडे येऊ. ‘जीएसटी बिलासाठी मदत करते’ या ओळीचा काहीच उपयोग नाही, कारण तुमचं निम्मं कोड जीएसटी बिलाचंच आहे. असं लिहा: ‘विक्री बिलाचा क्रमांक तयार करणं, तपासणं, मालिका बदलणं. डुप्लिकेट बिल नंबर, नवीन आर्थिक वर्ष, शाखेनुसार वेगळी सिरीज किंवा क्रमांकाच्या तक्त्यात बदल असेल तेव्हा वापरावं.’ काय करतं आणि कधी वापरायचं, दोन्ही हवं. मर्यादा १०२४ अक्षरांची आहे, पण तीनशेच्या आत ठेवा. नाव ६४ अक्षरांच्या आत, रोमन लहान अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढ्यातच, आणि फोल्डरचं नाव तेच ठेवा.

एक सापळा लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. वर्णनात ‘जीएसटी रिटर्नसाठी हे वापरू नये’ असं लिहिलं तर मॉडेलला ते नीट कळतं, पण तुम्ही बांधणार त्या साधनातल्या शोधयंत्राला नकार समजत नाही. त्याला ‘जीएसटी रिटर्न’ हे शब्द दिसतात आणि रिटर्नच्या प्रॉम्प्टला तेच स्किल वर येतं. म्हणून नकाराची वाक्यं वर्णनात राहू द्या, पण शोधासाठी स्किल्सची सूची बनवताना वगळा.

आता साधन. क्लॉड कोडमध्ये प्रॉम्प्ट मॉडेलकडे जाण्याआधी चालणारा हुक, म्हणजे ठरलेल्या क्षणी तुमची स्क्रिप्ट चालवणारी सोय, आहे: युजर प्रॉम्प्ट सबमिट. हुकला स्टँडर्ड इनपुटवर जेसन या साच्यात माहिती मिळते. त्यात प्रॉम्प्टचा मजकूर, चालू फोल्डर आणि सेशनचा क्रमांक असतो. तुमची स्क्रिप्ट शून्य या एक्झिट कोडने, म्हणजे चुकीशिवाय, संपली तर तिने छापलेलं सगळं मॉडेलच्या संदर्भात जोडलं जातं. दोन कोडने संपली तर प्रॉम्प्ट अडवला जातो आणि पुसला जातो.

ही दोनची गोष्ट जपा. पायथनला दिलेली फाइल सापडली नाही तर पायथन स्वतःच दोन कोडने बाहेर पडतो. म्हणजे हुकचा पत्ता चुकला की टीममधल्या सगळ्यांचे सगळे प्रॉम्प्ट अडतात, आणि दोष असिस्टंटला मिळतो. सापेक्ष पत्ता दिलेला असेल तर रेपोच्या (प्रोजेक्टच्या कोडच्या) मुळाशी सगळं नीट चालतं आणि असिस्टंट उपफोल्डरात गेला की बंद पडतं. त्यामुळे पत्ता प्रोजेक्ट फोल्डरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलपासून लिहा. आर्ग्युमेंट वाचणारं आर्गपार्सही चुकीच्या आर्ग्युमेंटला दोनच कोड देतं. सगळी स्क्रिप्ट एका ट्रायमध्ये गुंडाळा आणि काहीही झालं तरी शून्यावरच संपवा. स्किल मिळालं नाही तर फारसं बिघडत नाही, पण काम थांबता कामा नये. शेलच्या प्रोफाइलमध्ये कुणी स्वागताची ओळ छापत असेल तर तीही आउटपुटमध्ये घुसते, तेवढं पाहून घ्या.

निवडीसाठी तीन खुणा वापरा, आणि त्यातली सर्वात भरवशाची सर्वात साधी आहे: फाइलींचे पत्ते. प्रत्येक स्किलसोबत दोन-तीन पॅटर्न ठेवा, उदाहरणार्थ मंडी फोल्डरमधल्या तौलाच्या (वजनाच्या) फाइली. हुकमध्ये गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) विचारा कोणत्या फाइली बदललेल्या आहेत, आणि प्रॉम्प्टमध्ये लिहिलेले पत्तेही पाहा. पॅटर्न जुळला तर ते स्किल उमेदवार. माणूस प्रॉम्प्टमध्ये काहीही लिहो, हात कुठे घातलाय ते फाइली सांगतात.

दुसरी खूण शब्दांची, बीएम२५: प्रॉम्प्टमधले शब्द वर्णनात किती जुळतात त्यावरून क्रम लावणारं सूत्र. तिसरी अर्थाची, म्हणजे एम्बेडिंग: मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, मांडणं. सत्तर स्किल्ससाठी वेगळा व्हेक्टर डेटाबेस घेऊ नका. ७६८ आकड्यांचे सत्तर व्हेक्टर, प्रत्येक आकडा चार बाइटचा, मिळून २१५ किलोबाइट होतात. एक मॅट्रिक्स गुणाकार पुरतो. मल्टिलिंगुअल ई५ हे एम्बेडिंगचं मॉडेल वापरत असाल तर प्रश्नाच्या आधी ‘क्वेरी’ आणि वर्णनाच्या आधी ‘पॅसेज’ हे शब्द रोमन लिपीत, कोलनसकट, लावावेच लागतात. विसरलात तर चूक दिसत नाही, फक्त निकाल ढिले येतात. हे मॉडेल ५१२ टोकनच्या पुढचं कापून टाकतं. कुणी एरर लॉग चिकटवला असेल तर माणसाने लिहिलेली ओळ शेवटी राहून कापली जाते, म्हणून लांब प्रॉम्प्टचा पहिला आणि शेवटचा भाग घ्या.

शब्दांच्या आणि अर्थाच्या शोधाच्या दोन याद्या एकत्र करायला रेसिप्रोकल रँक फ्यूजन सर्रास वापरतात: क्रमांकात ६० मिळवायचे, एकाला त्याने भागायचं आणि बेरीज करायची. एकत्र करायला ते छान आहे, पण उंबरठा, म्हणजे स्किल द्यायचं की नाही हे ठरवणारा किमान आकडा, म्हणून निरुपयोगी. ‘धन्यवाद’ एवढाच प्रॉम्प्ट दिला तरी कुणीतरी पहिलं येतंच, आणि दोन्ही यादीत पहिलं आलेल्याला नेहमीच ०.०३२८ मिळतात. त्या आकड्यात जुळणी चांगली की वाईट हे नसतंच. उंबरठा मूळ कोसाइनवर, म्हणजे दोन व्हेक्टर किती जवळ आहेत ते सांगणाऱ्या आकड्यावर, लावा. तिथेही ई५चं वैशिष्ट्य असं की त्याचे आकडे साधारण ०.७ ते १.० या पट्ट्यातच दाटतात, त्यामुळे ०.५चा उंबरठा लावणं म्हणजे दार उघडं ठेवणं. पहिल्या आणि तिसऱ्या उमेदवारातलं अंतर जास्त बोलकं असतं. नेमका आकडा तुमच्याच प्रॉम्प्टवर मोजून ठरवा, दुसऱ्या कुणाचा उसना घेऊ नका.

भाषेचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण इंग्रजीत प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यांना हा त्रास नाही आणि त्यांच्या तयार साधनांमध्ये याची सोयही नाही. इंदूरच्या टीममध्ये सकाळी एक जण देवनागरीत मराठी लिहितो, दुसरा रोमन लिपीत हिंदी, आणि तिसऱ्याचं ‘भिया, तुलाईवालं लफडं बघ जरा’ असतं.

पहिला घाव टोकनायझरचा, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाचा. पायथनच्या रे मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह अक्षर आणि अंक ओळखतं, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘तौल पर्ची’चे तुकडे होतात: त, ल, पर, च. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचा मूळचा पॅटर्न एकाक्षरी तुकडे फेकून देतो, म्हणजे हाती उरतं फक्त ‘पर’. तो हिंदीत स्वतंत्र शब्द आहे आणि निम्म्या प्रॉम्प्टमध्ये सापडतो! एसक्यूलाइट डेटाबेसच्या एफटीएस५ या शोधसोयीतही मूळचा टोकनायझर अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचे घटक मानतो. तिथे कॅटेगरीजच्या पर्यायात एमएन आणि एमसी हे चिन्हांचे वर्ग जोडावे लागतात. पायथनमध्ये सरळ मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवर तोडा, तेवढ्याने भागतं.

दुसरा घाव एकाच शब्दाच्या दोन बांधण्यांचा. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कीबोर्ड नुक्त्याचा (खालच्या टिंबाचा) ऱ वापरून लिहितात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर वापरून. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. हिंदीतला ‘जोड़’ आणि मराठीतला ‘जोड’ हे तसंच. उपाय तीन पायऱ्यांचा: मजकूर एनएफडी रूपात (अक्षर आणि त्याचा नुक्ता सुटे करणाऱ्या युनिकोडच्या रूपात) न्या, नुक्ता काढा, झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही दोन्ही चिन्हं काढा. सूची आणि प्रॉम्प्ट दोन्हींवर हेच करा. फक्त शोधापुरतं, मूळ मजकुराला हात लावू नका.

तिसरा, प्रत्यय. पावतीवर, पावतीचा, पावत्यांमध्ये हे बीएम२५ला तीन परके शब्द आहेत. मराठीसाठी स्टेमर (प्रत्यय काढून मूळ शब्द देणारं साधन) शोधत बसण्यापेक्षा तीन-चार अक्षरांचे सरकते तुकडे सूचीत घाला. थोडा गाळ वाढतो, पण जुळणी सुटत नाही.

चौथा, रोमन लिपी. ‘तुलाई’ लिहिताना एक ए की दोन, शेवटी आय की डबल ई, ज्याची त्याची मर्जी. रोमन मराठी एम्बेडिंगलाही जेमतेम उमगते. इथे हातानेच काम करावं लागतं: प्रत्येक स्किलच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा आणि लोक त्या गोष्टीला प्रत्यक्षात काय म्हणतात ते दहा-पंधरा ओळींत लिहा. तुलाई, तोल, वजन, काटा, त्यांची रोमन रूपं. ही फाइल फक्त सूचीसाठी. वर्णनात हे कोंबलं तर रोज टोकन जळतील. अर्थाच्या शोधाला मंडीतले शब्द सांभाळता येत नाहीत, तिथेही हीच फाइल कामी येते. तौल पर्ची (वजनाची), अनुबंध पर्ची (सौद्याची) आणि भुगतान पत्रक (पैसे दिल्याचं) हे एम्बेडिंगच्या नजरेत शेजारी-शेजारी बसतात, पण तुमच्या कोडमध्ये ते तीन वेगळे तक्ते आहेत आणि तिसऱ्यात चूक झाली तर शेतकऱ्याचे पैसे चुकतात.

‘हो’, ‘कर’, ‘आता टेस्ट चालव’ अशा प्रॉम्प्टवर शोध घेऊच नका. चार शब्दांपेक्षा लहान असेल आणि फाइलीचा पत्ता नसेल तर गप्प राहा.

पुरवायचं काय? अख्खा मजकूर ओतण्याचा मोह आवरा. ओतलेलं संभाषणात राहतं. चारशे ओळींचं स्किल दहा प्रॉम्प्टला दहादा गेलं तर मॉडेल स्वतःच्याच सूचनांखाली दबतं. जास्तीत जास्त दोन नावं द्या, पत्ता आणि कारणासकट: ‘या कामाशी संबंधित स्किल: बिल-क्रमांक. कारण: बदललेल्या फाइलींमध्ये क्रमांकाचा तक्ता आहे. काम सुरू करण्याआधी उघडून वाच. लागू नसेल तर सोडून दे.’ शेवटचं अर्धवाक्य काढू नका. ते नसेल तर मॉडेल चुकीचं स्किलही निष्ठेने पाळतं. मजकूर साठ-सत्तर ओळींच्या आत असेल आणि फाइलीची खूणही जुळत असेल, तरच थेट ओता. हे प्रॉम्प्टच्या शेजारीच जोडा. प्रत्येक फेरीला सिस्टिम प्रॉम्प्ट किंवा टूल्सची यादी बदलणारी साधनंही लोक बांधतात. त्यात आधीचा कॅश (मॉडेलने आधी वाचून साठवलेला संदर्भ) फुकट जातो आणि दर फेरीला सगळा संदर्भ पुन्हा पूर्ण दराने मोजला जातो.

दिलेलं स्किल पुन्हा देऊ नये म्हणून सेशनच्या क्रमांकाने नोंद ठेवा. पण लांब सेशनमध्ये संभाषणाचा सारांश होऊन ते आकसलं की आधी दिलेलं मॉडेलच्या नजरेतून जातं आणि तुमची नोंद म्हणत राहते ‘दिलंय’. सेशन स्टार्ट हुकला स्रोत ‘कॉम्पॅक्ट’ असं येतं, तेव्हा ती नोंद पुसा. ‘सुरुवातीला ऐकतो, तासाभराने विसरतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

वेग: हुक प्रॉम्प्टला थांबवून ठेवतो. दरवेळी पायथन सुरू करून मॉडेल लोड केलं तर काही सेकंद जातात आणि आठवड्यात कुणीतरी हुक बंद करतं. एम्बेडिंग पार्श्वभूमीत चालणाऱ्या छोट्या सर्व्हरमध्ये ठेवा. हुकने त्याला फक्त विचारायचं, आणि २०० मिलिसेकंदांत उत्तर नाही आलं तर शब्द आणि फाइलींवर भागवायचं.

हे सगळं चालतंय की नाही ते अंदाजाने सांगू नका. जुन्या सेशनच्या नोंदींतून साठ खरे प्रॉम्प्ट काढा, जसे लिहिले तसेच, चुकांसकट. प्रत्येकापुढे योग्य स्किलचं नाव लिहा. त्यातले निदान वीस असे हवेत ज्यांचं उत्तर ‘काहीच नको’ आहे. मग दोन आकडे पाहा: योग्य स्किल पहिल्या दोघांत किती वेळा आलं, आणि नको असताना किती वेळा काहीतरी दिलं. टीमचा विश्वास दुसऱ्या आकड्यावर टिकतो, कारण भलतं स्किल दिलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि बरोबर दिलेलं कुणाच्याच नाही. आकडा वाईट आला तर आधी वर्णन आणि शब्दांची फाइल सुधारा, मग उंबरठा, आणि मॉडेल बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. एम्बेडिंग जोडण्याआधी फाइली आणि बीएम२५ एवढ्यावरच हे साठ चालवून बघा. तीस स्किल्सना अनेकदा तेवढंच पुरतं.

रोजच्या लॉगमध्ये प्रॉम्प्टची पहिली ऐंशी अक्षरं, वरचे पाच उमेदवार त्यांच्या आकड्यांसह, काय दिलं, आणि मॉडेलने ते उघडलं का एवढं लिहा. दिलंच नाही तर दोष सूचीत, दिलं पण उघडलं नाही तर दोष सोबतच्या ओळीत, उघडलं पण पाळलं नाही तर दोष स्किलच्या मजकुरात. हा मजकूर पाचशे ओळींच्या वर गेला असेल तर संदर्भाचा भाग वेगळ्या फाइलीत काढा.

सुरक्षेचं एवढंच: आपोआप पुरवठा म्हणजे कुणी न वाचलेल्या सूचनाही आपोआप पुरवल्या जातात, आणि स्किलमध्ये चालवता येणाऱ्या स्क्रिप्ट्स असतात. सूची फक्त तुमच्या रेपोतल्या, रिव्ह्यू होऊन आलेल्या फोल्डरचीच करा. बाहेरून घेतलेलं स्किल एका ठरावीक आवृत्तीवर (कमिटवर) पक्कं करून आत आणा. ग्राहकाच्या रेपोसोबत आलेलं स्किल्सचं फोल्डर सूचीत येऊ देऊ नका. लॉगमध्ये पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक दिसला तर तो झाका, कारण त्याची तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅनच असतो.